खाजगी इन्स्टिट्यूट चालवता आणि सरकारी स्किल स्कीमचा फंड हवाय? मग आधी पैशाचं गणित समजून घ्या

तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटरचा, शिवणकामाचा, नाहीतर हॉस्पिटलमध्ये लागणाऱ्या जनरल ड्युटी असिस्टंटचा क्लास चालवणारे बरेच जण मला विचारतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, सरकारकडून ग्रँट किती मिळते. मी आधी तो शब्दच बाजूला ठेवायला सांगतो. ग्रँट म्हटलं की डोक्यात येतं की फाइल टाकली, मंजूर झाली, खात्यात पैसे आले आणि त्यातून आपण लॅब उभी केली. कौशल्य विकासाच्या बहुतेक स्कीममध्ये असं होत नाही. सरकार तुमच्याकडून काम विकत घेतं, म्हणजे पोरं गोळा करायची, शिकवायची, परीक्षेला बसवायची, पास करायची, बऱ्याच ठिकाणी नोकरीलाही लावून द्यायची, आणि जसजसं काम होईल तसतसे पैसे हप्त्याने मिळतात. तोपर्यंत जागेचं भाडं, मशिनी, ट्रेनरचा पगार, लाइट बिल सगळं तुमच्या खिशातून. हे कळलं की अर्जात काय लिहायचं, किती टार्गेट (म्हणजे किती मुलं शिकवायची मंजुरी) मागायचं आणि मुळात अर्ज करायचा का, हे बरंचसं आपोआप समजायला लागतं.

आता हा पैसा येतो कुठून ते बघू. केंद्रात कौशल्य विकास आणि उद्योजकता मंत्रालय २०१४ मध्ये वेगळं झालं आणि १५ जुलै २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली, तिलाच सगळे पीएमकेव्हीवाय म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची चौथी आवृत्ती चालू होती आणि तेव्हाच केंद्रीय मंत्रिमंडळाने स्किल इंडिया कार्यक्रमाला मार्च २०२६ पर्यंत ८,८०० कोटी मंजूर केले, त्यातले ६,००० कोटी या एकट्या योजनेचे. दुसरी मोठी योजना ग्रामविकास मंत्रालयाची, दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, सप्टेंबर २०१४ ची, खास खेड्यातल्या गरीब घरच्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी, आणि आपल्याकडे ती उमेदमार्फत, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते. तिसरं म्हणजे राज्याचं स्वतःचं, महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास सोसायटी. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं एकदम उद्घाटन झालं होतं ते आठवत असेल, ती केंद्रं या राज्याच्या व्यवस्थेतली. या तिघांचे नियम, पोर्टल, अर्जाची पद्धत वेगळी आहे, आणि आवृत्ती बदलली की आधीच्या गाइडलाइनमधलं अर्धं बदलतं, त्यामुळे मित्राने तीन वर्षांपूर्वी भरलेला अर्ज समोर ठेवून आपला भरायचा हा प्रकार करू नका, चालू गाइडलाइनची पीडीएफ डाउनलोड करा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचा. परिशिष्टं कंटाळवाणी असतात पण कुठला कागद कुठल्या नमुन्यात हवा ते तिथेच असतं.

पैशाचा हिशोब समजायला कॉमन नॉर्म्स नावाचा प्रकार माहीत पाहिजे. आधी प्रत्येक मंत्रालय ट्रेनिंगला आपापल्या मनाने रेट द्यायचं, मग जुलै २०१५ मध्ये केंद्राने सगळ्यांना सारखी चौकट घालून दिली. कोर्सच्या तीन कॅटेगरी केल्या, पहिलीत जड मशिनरीवाले कोर्स, तिसरीत फारसं सामान न लागणारे, आणि प्रत्येक मुलामागे दर तासाला रेट ठरवला. सुरुवातीला तो पहिल्या कॅटेगरीला ३८.५० रुपये, दुसरीला ३३ आणि तिसरीला २७.५० होता, नंतर वाढत गेला. आणि पैसे द्यायची मूळ पद्धत अशी की ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के मुलं पास होऊन सर्टिफिकेट मिळाल्यावर आणि उरलेले २० टक्के नोकरी लागल्यावर.

कागदावर हे सोपं दिसतं, म्हणून एक बॅच घेऊन बघू. समजा ३० मुलांची बॅच आहे, कोर्स ४०० तासांचा आणि हिशोबाला सोपा म्हणून रेट धरा ताशी ४० रुपये. एका मुलामागे १६,००० झाले, पूर्ण बॅचचे ४ लाख ८० हजार. बॅच सुरू झाली, ३० टक्क्यांनी १ लाख ४४ हजार मिळाले. मग मध्येच सहा जण गळाले, कुणाला पोलीस भरतीची तयारी करायची असते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाच्या घरी सोयाबीन काढायला माणूस नसतं. उरलेले २४ जण धरा सगळे पास झाले. आता दुसरा हप्ता ३० जणांचा २ लाख ४० हजार मिळणार नाही, २४ जणांचे ८० टक्के (पहिले ३० आणि हे ५०) म्हणजे ३ लाख ७ हजार २०० रुपये होतात, त्यातून आधी दिलेले १ लाख ४४ हजार वजा होतात आणि हातात येतात १ लाख ६३ हजार २००. शेवटचा हप्ता २४ जणांवर ७६ हजार ८००, तोही पूर्ण हवा असेल तर कॉमन नॉर्म्सप्रमाणे पास झालेल्यांपैकी किमान ७० टक्के, म्हणजे २४ पैकी १७ जण, ठरलेल्या मुदतीत कामाला लागलेले असायला हवेत आणि त्यातलेही बहुतेक पगारी नोकरीत. सगळं जमलं तरी एकूण मिळाले ३ लाख ८४ हजार. सहा मुलं गेली म्हणून ट्रेनरचा पगार कमी झाला का, भाडं कमी झालं का? नाही झालं. दिवसाला चार तास धरले तर हा कोर्स १०० दिवस चालतो, सुट्ट्या धरून चार महिने, पुढे असेसमेंट, रिझल्ट, बिल, पडताळणी. मधल्या काळात तुम्ही पदरचं घालून चालवताय. मी चांगल्या मनाची, खरंच छान शिकवणारी माणसं या एका जागी अडकलेली बघितली आहेत, कर्ज काढून चार केंद्रं एकदम उघडली आणि पहिलं बिल अडकलं की ट्रेनर सोडून गेले. म्हणून टार्गेट मागताना किती मुलं शिकवू शकतो यापेक्षा किती महिने पैसे न येता तग धरू शकतो हे आधी बघा.

पीएमकेव्हीवायच्या चौथ्या आवृत्तीत नोकरीची अट ट्रेनिंगच्या पैशापासून वेगळी केली आहे, पहिल्या तीन आवृत्त्यांत शॉर्ट टर्म ट्रेनिंगमध्ये प्लेसमेंटचा हिशोब ठेवला जायचा. हे ऐकून काही जण खूश होतात की चला एक कटकट गेली. पण दीनदयाळ योजनेत ७० टक्के प्लेसमेंट हा गाभाच आहे, आणि समजा अट नसली तरी ज्या केंद्रातून शिकून कुणाला काम मिळालं नाही तिथं पुढच्या वर्षी पोरं येतात का? गावात ही बातमी फार लवकर पसरते. दीनदयाळमध्ये पैशाची रचना थोडी वेगळी आहे, तिथं प्रोजेक्ट मंजूर होऊन पहिला हप्ता सुरुवातीला मिळायची पद्धत आहे, पण पुढचा हप्ता आधीच्या खर्चाचा हिशोब आणि शिकवलेल्या, कामाला लागलेल्या मुलांचा आकडा बघूनच सुटतो, म्हणजे तिथेही जोखीम तुमच्यावर आहेच, फक्त ती पुढे सरकते.

आता अर्जाकडे येऊ, आणि इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात ती जागा म्हणजे सरकारला यावर्षी काय हवंय हे न बघता आपल्याकडे काय आहे ते लिहिणं. आमच्याकडे ४० कॉम्प्युटर आहेत, २,००० स्क्वेअर फूट जागा आहे, २० वर्षांचा अनुभव आहे, पानंच्या पानं हेच. सरकार पैसे देताना काही गोष्टींना प्राधान्य ठरवून देतं. केंद्राच्या पातळीवर सध्या ड्रोन, रोबोटिक्स, एआय, थ्रीडी प्रिंटिंग असे नवे कोर्स पुढे केलेत. जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा कौशल्य समिती असते आणि जिल्ह्याचा कौशल्य विकास आराखडा बनतो, त्यात कुठल्या क्षेत्रात किती माणूसबळ लागेल याचा अंदाज दिलेला असतो. हा आराखडा फार थोडे जण उघडून बघतात. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा, तिथल्या सहायक आयुक्तांना भेटा, आराखडा मागा, आणि तुमचा कोर्स त्यातल्या कुठल्या गरजेला उत्तर देतो ते अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. आराखड्यात तुमचा कोर्स कुठेच बसत नसेल तर तोही एक निरोप समजा, कदाचित कोर्स बदलायची वेळ आली आहे.

माझी स्वतःची पद्धत उलटीकडून लिहायची आहे. आधी नोकरी देणारा शोधायचा. तुमच्यापासून ३०-४० किलोमीटरवरच्या एमआयडीसीत जायचं, पाच-सहा कंपन्यांच्या एचआरला नाहीतर सरळ शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरला विचारायचं की तुम्हाला वर्षाला किती माणसं लागतात, कुठल्या कामाला, सुरुवातीचा पगार किती, राहायची सोय आहे का, मुली घेता का, आणि आत्ता येणाऱ्या पोरांना काय येत नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एका ठिकाणी मला सांगितलं होतं की वेल्डिंग आम्ही शिकवतो हो, पण पोरांना ड्रॉइंग वाचता येत नाही आणि मोजमाप घेता येत नाही. ते आम्ही कोर्सच्या पहिल्या आठवड्यात घातलं, अर्जात तसंच लिहिलं, आणि ज्यांनी अर्ज तपासला त्यांनी प्रेझेंटेशनच्या वेळी नेमकं त्यावरच दहा मिनिटं विचारलं. कंपनीचं पत्र घ्याल तेव्हा "आम्ही सहकार्य करू" असं गुळमुळीत पत्र घेऊ नका, किती जागा, कुठलं काम, किती पगार आणि कधीपासून, हे चार आकडे असलेलं पत्र घ्या. असं एक पत्र गुळमुळीत दहा पत्रांपेक्षा जास्त कामाचं असतं. नोकरी ठरली की त्यावरून क्वालिफिकेशन पॅक, म्हणजे त्या कामासाठी काय काय यायला हवं याचा ठरलेला मान्य नमुना, ठरतो, कोर्स राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात बसणारा आणि एनसीव्हीईटीने (व्यावसायिक प्रशिक्षणावर देखरेख करणारी केंद्राची परिषद) मान्य केलेला असावा लागतो, तुम्ही स्वतः बनवलेला सिलॅबस कितीही चांगला असला तरी त्यावर हे पैसे मिळत नाहीत. मग तासांवरून ट्रेनर, ट्रेनरवरून जागा, जागेवरून मशिनी, आणि सगळ्यात शेवटी बजेट. बहुतेक जण बजेटपासून सुरू करतात आणि मग बाकीचं त्यात कोंबतात, ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

पात्रतेच्या कागदांबद्दल थोडक्यात सांगतो कारण ही यादी प्रत्येक स्कीममध्ये दिलेली असते. ट्रस्ट, सोसायटी, सेक्शन ८ कंपनी (नफ्यासाठी नसलेली), प्रायव्हेट लिमिटेड, बऱ्याच ठिकाणी हे सगळे चालतात, पण ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या उद्दिष्टांत शिक्षण किंवा प्रशिक्षण हा शब्द आहे का ते बघा. तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद, उलाढाल, पॅन, गरज असेल तिथे जीएसटी, संस्था असेल तर एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीचा नंबर, ब्लॅकलिस्ट नसल्याचं प्रतिज्ञापत्र. हे सोपं वाटतं पण मी एकदा इथेच पडलो आहे. टर्नओव्हरच्या सीए सर्टिफिकेटवर यूडीआयएन (त्या कागदाचा ऑनलाइन पडताळता येणारा वेगळा नंबर) नव्हता, फेब्रुवारी २०१९ पासून सीएच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर तो लागतो, आमच्या सीएने घाईत टाकला नाही आणि मीही बघितला नाही, दोन महिने राबून केलेला प्रस्ताव टेक्निकल छाननीत पहिल्याच दिवशी बाद. कुणी आतलं उघडून वाचलंच नाही. तेव्हापासून मी अर्ज भरण्यात अजिबात सहभागी नसलेल्या माणसाला यादी आणि फाइल देतो आणि एकेक कागद टिक करायला लावतो, आपल्याला स्वतःला आपल्या चुका दिसत नाहीत. अपलोड शेवटच्या दिवशी ठेवू नका हे वेगळं सांगायला नको, डिजिटल सिग्नेचरची मुदत संपलेली असते हे नेमकं त्याच रात्री कळतं.

केंद्राची तपासणी हा पुढचा टप्पा. जागा, लॅबमधलं सामान, स्वच्छतागृह, मुलींसाठी वेगळं, सीसीटीव्ही, आधारवर चालणारी बायोमेट्रिक हजेरी, आणि ट्रेनर. यात अडतं ते ट्रेनरपाशी, कारण ट्रेनरला त्या कोर्सचं ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्सचं सर्टिफिकेट लागतं आणि १५ वर्षं उत्तम शिवण शिकवणाऱ्या बाईंकडे ते नसतं. अर्ज करायच्या आधी त्यांना ते करून घ्या, खर्च तुम्ही करा, आणि त्या सोडून जाऊ नयेत म्हणून पगार वेळेवर द्या. सर्टिफिकेट असलेला पण शिकवता न येणारा ट्रेनर नुसता कागदावर उभा करणं हे मला अजिबात पटत नाही, त्या पोरांच्या आयुष्यातले चार महिने आपण घेतलेले असतात.

मोबिलायझेशन म्हणजे पोरं आणणं, याला अर्जात लोक दोन ओळी देतात, बॅनर लावू, पॅम्प्लेट वाटू. प्रत्यक्षात सगळी गळती इथे ठरते. गावात जाऊन ग्रामसेवक, अंगणवाडी ताई, बचत गटाच्या बायका यांच्याशी बोलून, मुलीच्या आईवडिलांना केंद्र दाखवायला आणून, काम कुठलं आहे, किती तास उभं राहावं लागेल आणि हातात पगार किती येईल हे आधीच खरंखरं सांगितलं तर बॅच भरायला वेळ लागतो पण टिकते. वरच्या हिशोबात सहाऐवजी दोनच गळाले तर काय होतं ते करून बघा, २८ मुलांचे पूर्ण मिळून ४ लाख ४८ हजार, म्हणजे तोच ट्रेनर, तीच जागा आणि ६४ हजार जास्त. एसटीची वेळ बघून बॅचची वेळ ठरवणं एवढ्याने सुद्धा गळती कमी होते. आणि हो, या स्कीममध्ये मुलांना ट्रेनिंग मोफत असतं, डिपॉझिट, ड्रेसचे पैसे, सर्टिफिकेटचे पैसे असं काहीही त्यांच्याकडून घ्यायचं नाही.

दलालांबद्दल मला मोकळेपणाने बोलायचं आहे. "टार्गेट मिळवून देतो, मुलामागे एवढे आमचे" असं सांगणारे फिरत असतात. माझ्या ओळखीच्या एका क्लासवाल्या ताईंनी अशा एकाला अडीच लाख दिले, टार्गेट दुसऱ्याच संस्थेच्या नावावर होतं, यांनी दोन बॅच मनापासून शिकवल्या आणि पैसे त्या मूळ संस्थेकडे गेले ते इकडे आलेच नाहीत. तक्रार कुठे करणार, करार नाही, नाव नाही, सगळं तोंडी. दुसऱ्याच्या नावाचं टार्गेट चालवणं बऱ्याच स्कीममध्ये नियमातच बसत नाही, दीनदयाळमध्ये काम असं दुसऱ्याला द्यायला मनाई आहे, मग पैसे बुडाले तर तुम्ही कुठेच उभे राहू शकत नाही. अर्ज लिहायला मदत म्हणून कुणाला फी देणं वेगळं, ते लिहिण्याचे पैसे आहेत. मंजुरीचे पैसे मागणारा माणूस दारातूनच परत पाठवा.

मंजुरी आली की करार नीट वाचा, विशेषतः पैसे कशावर कापले जातील ते कलम. प्रोजेक्टचं वेगळं बँक खातं ठेवा, तुमच्या क्लासच्या फीचे पैसे आणि हे पैसे कधीच मिसळू नका. अनुदान म्हणून मिळालेल्या पैशाला केंद्राचे सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू होतात, म्हणजे वर्ष संपल्यावर १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्या पैशावरचं व्याज सुद्धा दाखवावं लागतं, आणि सरकारी ऑडिट तुमच्या दारात येऊ शकतं. ऑडिटवाला तीन वर्षांनी विचारेल की हा मुलगा कुठे आहे, तेव्हा हजेरी, फोटो, ऑफर लेटर, पगाराची स्लिप, बँक स्टेटमेंट हे त्या मुलाच्या नावाच्या एका फाइलमध्ये असलं पाहिजे. हे काम बॅच चालू असतानाच रोजच्या रोज करायचं, नंतर पोरं फोन उचलत नाहीत, नंबर बदललेले असतात.

तुमच्याकडे तीन वर्षांचे ताळेबंद नाहीत किंवा तग धरायला पैसे नाहीत असं असेल तर यावर्षी थांबायला काही हरकत नाही. तोपर्यंत कंपन्यांच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या पैशातून) एखादी बॅच मिळते का बघा, तिथे बऱ्याचदा काही रक्कम आधी मिळते. फक्त ते पैसे थेट घ्यायला ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी लागते आणि एप्रिल २०२१ पासून कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी लागते, नुसत्या प्रायव्हेट लिमिटेडला ते जमत नाही. अशी एक बॅच नीट केली, २५ मुलांच्या पगाराच्या स्लिपा जमवल्या, की पुढच्या सरकारी अर्जात अनुभवाच्या रकान्यात लिहायला तुमच्याकडे खरं काहीतरी असतं.

अर्ज उघडायच्या आधी एका एक्सेल शीटवर १२ महिन्यांचे रकाने करा, वर येणारे पैसे, खाली जाणारे. येणारा प्रत्येक हप्ता तुम्हाला वाटतो त्यापेक्षा तीन महिने उशिरा टाका. मग तळाचा शिल्लक रकाना कुठल्या महिन्यात मायनस जातो आणि किती जातो ते बघा. तेवढे पैसे आज खात्यात असतील किंवा बँकेने लेखी मंजूर केलेले असतील तरच तेवढं टार्गेट मागा, नसतील तर ३० मुलांची एकच बॅच मागा.